सगळ्यांचाच नंबर लागला

लांबट, जाड कागदाचं पाकीट. वर स्पीड पोस्टाचा बारकोड, परराज्यातल्या कुठल्याशा टपाल कार्यालयाचा शिक्का आणि घरच्या बाईचं नाव, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण छापलेलं. आत तीन कागद. पहिलं हिंदी पत्र : कंपनीला अमुक वर्षं झाली, त्या आनंदात निवडक ग्राहकांना भेट, खाली दोन गोल शिक्के आणि एक झोकदार सही. दुसरा फॉर्म : बँक, खाते क्रमांक, आयएफएससी, आधार, पॅन. तिसरं स्क्रॅच कार्ड, त्यावर पांढरीशुभ्र एसयूव्ही. चंदेरी पट्टी नाण्यानं खुरचली की खाली क्रमांक निघतो आणि शेजारी गाडीचं नाव. दिलेल्या नंबरवर फोन लावला की पलीकडचा माणूस आदबीनं अभिनंदन करतो, गाडी हवी की रोख असं विचारतो आणि मग नोंदणीचे काही हजार मागतो. ते भरले की जीएसटी. तो भरला की आरटीओ, विमा, एनओसी. गाडी अर्थातच कुठे नसते.

नापतोल, स्नॅपडील, मीशो अशा ओळखीच्या नावांवर ही पत्रं गेली कित्येक वर्षं देशभर फिरताहेत. नावं चोरलेली. या प्रकाराबद्दल सावध राहा, असं या कंपन्यांनाच ग्राहकांना सांगत बसावं लागतं. तेव्हा असं एक पाकीट मूलच्या एका घरात येऊन पडलं यात नवल काही नाही. नवल वाटलं ते त्यावरून मामा-भाच्यात जी जुंपली त्याचं.

मूल हे चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मामाजी डाक खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं चामोर्शी, अहेरी, एटापल्ली या बाजूला गेली. भासा चंद्रपुरात गाड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये विक्री विभागात. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्यामुळे दोघं एकमेकांना 'तुमी'च म्हणतात आणि भांडणालाही एक मर्यादा राहते. शेजारीण पाकीट घेऊन 'जरा वाचून सांगा जी' म्हणत आली तेव्हा मी तिथेच होतो. तिनं पैसे भरले नव्हते. फोन मात्र एकदा करून झाला होता.

भासा : यात वाचायचं काय आहे, मामाजी? सरळसरळ फ्रॉड आहे. पैसे गेले असते तर 1930 ले फोन लावला असता. गेले नाहीत, तर फाडून फेका.

मामाजी : फाडता कायले? पुरावा आहे तो. अन् थांबा जरा. दसऱ्याच्या पेपरात तुमच्या शोरूमचं पॅम्प्लेट आलं होतं, ते मी ठेवलं आहे. हे पाहा. इथंही 'अभिनंदन', तिथंही 'अभिनंदन'. इथंही चंदेरी पट्टी, तिथंही. इथं 'आपली निवड झाली आहे', अन् तुमच्यात 'आपण भाग्यवान ग्राहक आहात'. मले सांगा, या बाईनं यातलं खरं कोणतं अन् खोटं कोणतं, हे कशावरून ओळखायचं?

भासा : कमाल करता तुमी. आमचं दुकान आहे. पाटी आहे, जीएसटी नंबर आहे, वर्कशॉप आहे. पळून थोडीच जाणार? आमच्या सोडतीत खरी गाडी निघते. विजेत्याचा फोटो लावला आहे शोरूममध्ये.

मामाजी : मी तुमाले चोर म्हणत नाही. मी म्हणतो, चोरानं तुमचा सदरा घातला. तो सदरा तुमी शिवला.

भासा यावर थोडा तापला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुकानदारानं सणाला सूट द्यायची, सोडत काढायची, गिऱ्हाईक गोळा करायचं, ही पद्धत जुनी आहे. महाराष्ट्रात तर खुद्द सरकार 1969 पासून लॉटरी चालवतं. ठगानं पोस्टमनचा गणवेश घातला म्हणून कोणी डाक खातं बंद करा म्हणत नाही, हे त्यानं मामाजींना बरोबर त्यांच्याच वर्मावर सांगितलं.

मामाजी : हव. पण पोस्टमन दारात येऊन 'तुमाले मनीऑर्डर आली' असं खोटं बोलत नाही. तुमच्या पट्टीखाली काय निघते ते सांगा.

भासा : काहीतरी निघतेच. रिकामं कोणाचंच नाही. हमखास भेट म्हणतो आम्ही.

मामाजी : म्हणजे सगळ्यांचाच नंबर लागते.

भासा : लागते. लहान-मोठा.

मामाजी : अन् यांच्याही पाकिटात सगळ्यांचाच लागते. ज्या सोडतीत हरणारा कोणी नाही, ती सोडत कायची बाप्पा?

मला इथे अमेरिकेतली एक गोष्ट आठवली आणि मी ती मध्येच सांगितली. हे खुरचायचं कार्ड टपालानं पाठवून गिऱ्हाइकाला गाड्यांच्या दुकानात ओढायचं तंत्र तिकडे चांगलंच मुरलेलं आहे. न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेल नावाचं गाव आहे. तिथल्या एका गाडीविक्रेत्यानं 2007 साली अशी कार्डं छापून घेतली. हजार डॉलरचं बक्षीस एकाच कार्डावर असायचं होतं. छपाई करणाऱ्या जाहिरात कंपनीकडून चूक झाली आणि सगळीच कार्डं जिंकणारी निघाली. ध्यानात येईपर्यंत तीसेक हजार कार्डं टपालात पडली होती. लोकांची रीघ लागली. हजार डॉलर काही मिळाले नाहीत. समजूत म्हणून वॉलमार्टची 5 डॉलरची कूपनं पुढे करण्यात आली. जगभर हसू झालं.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, चूक झाली नसती तर बाकीच्यांना काय मिळालं असतं? मी म्हटलं, दुकानाचा रस्ता. भासाही मग हसायचा थांबला.

भासा : बरं, मी उघडच बोलतो. सोडत हे निमित्त आहे. माणूस आत आला पाहिजे. घरी बसून 'सत्तर हजाराची गाडी घेऊ की नाही' म्हणणारा माणूस एकदा सीटवर बसला की निम्मं काम झालं. आम्हाले महिन्याचं टार्गेट असते. किती इन्क्वायऱ्या, किती टेस्ट राइड, किती फायनान्स. कूपनावर नाव, गाव, मोबाईल घेतो तो त्याच्यासाठीच. निघाले पाच हजार, तर ते पाच हजार अमुकच मॉडेलवर, अमुकच फायनान्स कंपनीकडून घेतलं तर. ती सूट तशीही सगळ्यांनाच असते. पण 'सूट' म्हटलं तर कोणी येत नाही. 'जिंकले' म्हटलं की येते.

मामाजी : एटापल्लीवरून येणारा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट काढून येते. त्याच्या पाच हजारातून ते वजा करता का?

भासा : त्याले बोलावलं कोणी जबरदस्तीनं? लालच माणसाची असते, मामाजी. फुकट काही मिळत नाही हे शाळेतल्या पोराले कळते.

यानंतर मामाजी जे बोलले ते मला त्या दुपारचं सगळ्यात वजनदार बोलणं वाटलं. ते लालच या शब्दावर अडून बसले नाहीत. त्यांनी शेजारणीलाच विचारलं, गेल्या दीड-दोन वर्षांत तुझ्या खात्यात न मागता काय काय आलं? ती बोटावर मोजू लागली. लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार. धानाचा बोनस. तेंदूच्या हंगामातली मजुरी आणि त्यावरचा बोनस, तो तर संकलन संपल्यावर कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक वेळी क्रम तोच : कोणीतरी फॉर्म आणला, आधार मागितलं, पासबुकाची झेरॉक्स मागितली, अंगठा किंवा सही घेतली आणि काही आठवड्यांनी मोबाईल वाजला.

मामाजी : आता सांगा. हिच्या अनुभवात फॉर्म भरला की पैसे येतात. मेसेज येते तो खरा निघते. पोस्टातून कागद येते तो सरकारी राह्यते. मी तीस-पस्तीस वर्षं तेच करत आलो. पेन्शन, मनीऑर्डर, कोर्टाचे समन्स, नोकरीचे कॉल. डोंगराच्या पल्याडच्या गावात ब्रांच पोस्टमास्तर म्हणजेच सरकार. त्याच्या हातून पाकीट आलं तर ते खोटं आहे असं मानायले तिच्यापाशी कारण काय? हिची लालच नाही, भासेबुवा. हिचा हिशेब आहे. फक्त तो बाहेरच्यानं वापरून घेतला.

भासा : पण गाडीच कायले? पंचवीस लाखाच्या केबीसीच्या लॉटरीले फसतात लोक, ते मले समजते. पैसा कोणाले नको? इथं एसयूव्ही घेऊन ही करणार काय?

मामाजी : तुमी कधी पावसाळ्यात भामरागडले गेले का? पर्लकोटा नदी चढली की गाव तुटते. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एक, वडसा. एसटी दिवसातून एखादी, तीही चिखल नसला तर. बाळंतीण न्यायची तर कोणाची तरी जीप पाहिजे. तुमच्या चंद्रपुरात गाडी हौस असेल. तिकडे गाडी म्हणजे दवाखाना. एमएच 33 ची पाटी लागलेली एक जीप गावात असली तर अख्खं गाव त्याच्या भरवशावर राह्यते. त्या कार्डावर पांढरी गाडी छापणाऱ्याले हे माहीत नसेल, पण नेमकं लागलं.

सरकारी मदतीचं सोंग घेण्याची युक्ती इथलीच नव्हे. करोनाच्या साथीत, 2020 मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ट्रॅफिक जॅम इव्हेंट्स या जाहिरात कंपनीवर कारवाई सुरू केली. तिनं घरोघर पाठवलेली पत्रं सरकारी मदतनिधीची वाटावीत अशी छापली होती. लोक मदत घ्यायला म्हणून दिलेल्या जागी गेले, तर तिथे गाड्यांचा सेल लागलेला. ती नोंदणीकृत, कार्यालय असलेली कंपनी होती. भासा ज्या पाटी आणि जीएसटी नंबराचा आधार सांगत होता, तो तिथे पुरला नव्हता. मी हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे, तुम्ही कोणाच्या बाजूचे, अशा नजरेनं पाहिलं.

पण पुढचा डाव त्याचा होता.

भासा : मामाजी, लोक अडकतात ते कुठं माहीत आहे? 'आधी टॅक्स भरा' इथं. अन् तुमी सगळे सांगता की बक्षिसासाठी आधी पैसे मागितले म्हणजे फसवणूक. ते अर्धवट आहे. खऱ्या सोडतीतही आधी टॅक्स भरावाच लागते.

मामाजी : काय सांगता?

भासा : दहा हजाराच्या वरचं बक्षीस असलं की 30 टक्के. रोख असलं तर कापूनच देतात. वस्तू असली, गाडी असली, तर कापणार कुठून? म्हणून कायदा देणाऱ्यालेच म्हणते, टॅक्स भरल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू हातात देऊ नका. बारा लाखाची गाडी निघाली तर तीन लाख साठ हजार. आधी. मग चावी.

मामाजींना हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर पुष्कळांना नसतं आणि ठगाचं सगळं यश याच फटीत आहे. गाडी खोटी असते, पण कर नावाची गोष्ट खरी असते. जिनं कुठेतरी ऐकलं आहे की बक्षिसावर कर लागतो, तिला फोनवरचा माणूस जाणकार वाटतो. फरक इतकाच की खरा कर जिंकणाऱ्याच्या पॅनवर, चलनानं, सरकारच्या तिजोरीत जातो आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. तो कोणाच्या बचत खात्यात किंवा यूपीआयच्या क्यूआर कोडावर जात नाही. आणि आधी पाच-सात हजार, मग बारा, मग अठरा, अशा हप्त्याहप्त्यानं तर मुळीच नाही. 'बक्षिसासाठी एक रुपयाही भरू नका' हे पोस्टरवर छापायला ठीक आहे. पण ज्याला अर्धं खरं माहीत आहे, त्याला ते पोस्टर अडाण्यानं लिहिलेलं वाटतं.

मामाजी : म्हणजे तुमच्या सोडतीत बारा लाखाची गाडी माझ्या जुन्या गावच्या तेंदू तोडणाऱ्याले निघाली, तर त्यानं साडेतीन लाख आणायचे कुठून?

भासा : ...नाही आणले तर गाडी सोडून देते. किंवा आम्ही टॅक्स धरून रोख देतो. मॅनेजमेंट ठरवते.

मामाजी : हे पॅम्प्लेटवर कुठं आहे?

भासा : आहे ना. खाली. अटी व शर्ती.

होतं. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. वरचं 'अभिनंदन' मात्र मराठीत आणि बोटभर उंचीचं. भ्रामक जाहिरातींबाबत केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा आणि टंकही तोच हवा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात मराठीच दुसरी भाषा असते. तिथे इंग्रजी अटी म्हणजे नसल्यासारख्याच.

मग मामाजींनी त्या पॅम्प्लेटवरची हमखास भेटींची यादी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. की-चेन. छत्री. सर्व्हिसिंगवर सूट. एक्सचेंज बोनस. हेल्मेट.

मामाजी : हे हेल्मेट दुचाकीसोबत?

भासा : हव. आयएसआय मार्कवालं. चांगलं आहे.

मामाजी : ते तर तसंही द्यावं लागते ना?

भासा गप्प बसला, कारण तो धंद्यातला माणूस आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 138 क्रमांकाचा नियम आहे. दुचाकी विकतानाच हेल्मेट दिलं गेलं पाहिजे, असं तो सांगतो. जे गिऱ्हाइकाच्या हक्काचं आहे, ते चंदेरी पट्टीखाली दडवून 'जिंकलं' म्हणून द्यायचं! मला त्या पाकिटातल्या अख्ख्या एसयूव्हीपेक्षा हे एक हेल्मेट जास्त खुपलं. एसयूव्ही निदान पूर्ण खोटी होती.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या वाचली तर ती या पॅम्प्लेटवरूनच लिहिली की काय असं वाटतं. द्यायची इच्छा नसताना बक्षीस जाहीर करणं, किमतीत धरलेली वस्तू फुकट भासवणं, विक्री वाढवण्यासाठी सोडत किंवा नशिबाचा खेळ ठेवणं, आणि योजना संपल्यावर निकाल लपवून ठेवणं, ही सगळी त्यात येतात. निकालाबाबत तर कायदा फारच नेमका आहे : ज्या वर्तमानपत्रात योजनेची जाहिरात दिली, त्याच वर्तमानपत्रात निकाल ठळक छापला तर तो लोकांना कळवला असं धरायचं. मामाजी आयुष्यभर रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आलेत. पानभर सोडतीच्या जाहिराती त्यांनी मोप पाहिल्या. निकाल एकही आठवत नाही म्हणाले.

भासा : कायदा कागदावर असते, मामाजी. कोर्टात गेलं की वेगळंच निघते.

ते मात्र खरं आहे. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हॉर्लिक्सच्या बाटल्यांतल्या बक्षिसाच्या चिठ्ठ्यांचं प्रकरण होतं. बाटलीची किंमत वाढवली नव्हती, सोडतही काढली नव्हती, चिठ्ठी आतच होती. तेव्हा ही लॉटरी नव्हे, असं न्यायालयानं ठरवलं. पुढे 2007 च्या 'कौन बनेगा करोडपती'मध्ये प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. उत्तर एसएमएसनं पाठवायचं, आणि तो एसएमएस नेहमीपेक्षा महाग. बक्षिसाचा पैसा त्याच एसएमएसमधून निघतो, असं म्हणत एक ग्राहक संस्था राष्ट्रीय आयोगाकडे गेली. आयोगानं 2008 मध्ये 1 कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ती रद्द केली, कारण पैसा तिथूनच आला याचा पुरावा नव्हता. सोडतीचा फायदा कोणाला झाला ते सगळ्यांना दिसतं, पण वहीत दाखवता येत नाही. बेकायदा सोडतीची जाहिरात छापण्याला भारतीय न्याय संहितेत शिक्षा आहे ती पाच हजारांपर्यंत दंडाची. एवढ्यात तर भाशाच्या शोरूमची फुलांची कमानसुद्धा होत नाही.

भाशाला यानं जोर आला आणि त्यानं उलट तपासणी घेतली.

भासा : तुमी आमच्यावरच बसलात. अन् तुमच्या गल्लीत महिन्याची बाइकची स्कीम चालते ती? दरमहा हजार, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघालं त्याले बाइक अन् पुढचे हप्ते माफ. बाकीच्यांनी शेवटपर्यंत भरायचे. ते चालवणारा गावचा आहे म्हणून कोणी बोलत नाही. आम्ही पावती देतो, तो डायरीत लिहिते.

मामाजी : ते बंदच पाहिजे.

भासा : पाहिजे, पण आहे का?

नाही. 1978 मध्ये संसदेनं बक्षीस चिट आणि पैसाफिरव योजनांवर बंदी घातली. भाशानं सांगितली तशी योजना हा त्या कायद्यातल्या व्याख्येचा जणू नमुनाच आहे, आणि चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी तालुक्याच्या गावोगाव ती चालते. पहिल्या काही बाइक वेळेवर निघतात, गावातून मिरवतात, नारळ फुटतो. मग सभासद गळायला लागतात, पैसा अपुरा पडतो आणि एक दिवस डायरीवाला नागपूरला 'कामासाठी' जातो. तक्रार करायला लोक कचरतात, कारण तो कोणाचा तरी साळा, कोणाचा तरी व्याही. परराज्यातल्या अनोळखी ठगावर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता येतात.

मामाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग शेजारणीकडे वळले आणि त्यांनी ज्याचा कोणी विचार केला नव्हता ते विचारलं : हा पत्ता त्यांच्याकडे गेला कुठून? ऑनलाइन तू काही मागवतेस का? ती म्हणाली, नाही, पोरगी मागवते, पण तिच्या नावानं. कूपन भरलं का कुठं? भरले होते. कापडाच्या दुकानात एक. यात्रेत मोबाईलवाल्याच्या टेबलावर एक. आणि बसस्टँडवर गाड्यांचा मंडप लागला होता तिथे एक. छत्री मिळाली होती.

भासा : आमचा डेटा बाहेर जात नाही.

मामाजी : मी कुठं म्हटलं गेला? तुमचे कूपनाचे डबे सोडत झाल्यावर कुठं ठेवता?

भासा : ...स्टोअरला असतील. एंट्री करायले बाहेरची पोरं लावतो आम्ही, एका फॉर्ममागे काही पैसे ठरवून.

तो स्वतःशीच काहीतरी जुळवत राहिला. सिद्ध काहीच होत नव्हतं. तिघांपैकी कोणाच्याही डब्यातून तो पत्ता गेला असेल किंवा कोणाच्याच नाही. पण ज्या कागदावर माणूस नाव, नवऱ्याचं नाव, गाव, मोबाईल लिहून देतो, त्याची किंमत एका छत्रीपेक्षा जास्त आहे, हे भाशाइतकं कोणाला कळणार? त्याचा पगारच त्यावर निघतो.

चहा झाला. मामाजींनी पॅम्प्लेटच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं मजकूर लिहून भाशासमोर सरकवला. दिवाळी योजना. दुचाकी घेणाऱ्या प्रत्येकाला अमुक रुपये सूट, त्यासाठी सोडत नाही. हेल्मेट नियमाप्रमाणे. कूपन भरणाऱ्याचा मोबाईल नंबर सोडतीनंतर नष्ट केला जाईल.

भासा : सोडतीची गाडी कुठं आहे?

मामाजी : काढायचीच असेल तर लिहा, किती कूपनातून एक. कर किती अन् कोणी भरायचा. निकाल कोणत्या तारखेले, कोणत्या पेपरात. ह्याच अक्षरात.

भासा : निकालाचं मी बोलून पाहतो मालकाशी. मराठीचंही. कर वर टाकला तर अर्धे लोक येणार नाहीत.

मामाजी : म्हणजे अर्धे लोक कर माहीत नसल्यानं येतात.

भासा : तुमाले धंदा नाही करायचा, म्हणून सोपं आहे. आम्ही हे छापलं अन् समोरच्या शोरूमनं पट्टी खुरचायले लावली, तर सगळी गर्दी तिकडे. मग?

मामाजी : मग त्याची तक्रार करा. 1915 ले फोन आहे, जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज देता येते. भ्रामक जाहिरातीले केंद्राचं प्राधिकरण दहा लाखापर्यंत दंड करू शकते, पुन्हा केली तर पन्नास. तुमाले तर त्याच्या पट्टीखाली काय असते ते सगळं पाठ आहे.

भासा : अन् त्यानं आमची केली तर?

मामाजी : मग तर झालंच. दोघांचेही निकाल पेपरात येतील.